वानलूची शेंडी

वानलूची शेंडी मी कापली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही मला भला माणूस समजाल, आणि तो गैरसमज या वयात मला सोसवत नाही.

आमचं गाव वेहाइवेइच्या बंदरापासून चालत अर्ध्या दिवसावर. निम्मी घरं त्सोंग कुळाची, निम्मी आम्हा झोउंची. तो वानलू त्सोंग, मी लाइफू झोउ. दोघांची घरं एकाच विहिरीच्या दोन बाजूंना. त्याचा बाप तापाने गेला तेव्हापासून वानलू गावाला पाणी भरायचा. खांद्यावर कावड टाकून तो चालायला लागला की बादल्या हलायच्या, पण थेंब सांडायचा नाही. मी कावड घेतली की माझे पायच जास्त भिजायचे.

इंग्रजांनी बंदर घेतलं आणि पलटण उभी केली. शिपाई आमचे, साहेब त्यांचे. दुष्काळाचं साल होतं. पलटणीत दोन वेळा भात मिळतो, तोही पांढरा, एवढं कळल्यावर आम्ही दोघं भरती झालो. गावाने नाकं मुरडली. त्सोंग कुळाचे थोरले आजोबा, ज्यांच्या ताब्यात कुळाची वंशावळ असायची, ते वानलूला म्हणाले, "गोऱ्याची टोपी घालतोस तर घाल. पण तिच्याखालची शेंडी सांभाळ."

सांगायची गरज नव्हती. कमरेपर्यंत वेणी घातलेली शेंडी नसेल तर बादशहाच्या लेखी तो माणूस बंडखोर, आणि लोकांच्या लेखी त्याहून वाईट. जिवंत माणसाची शेंडी कुणी कापली तर तिच्याबरोबर त्याचा जीवही चोरला जातो, असं आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. असा माणूस उंबऱ्यात आला तरी लोक लेकरांना आत ओढतात. मेलेल्याची गोष्ट मात्र उलटी. माणूस परमुलखात मेला आणि त्याचं काहीच घरी आलं नाही, तर तो उपाशी भटकत राहतो. प्रेत आणणं कुणाला जमायचं? म्हणून सोबती त्याची शेंडी कापून आणतात. ती पेटीत ठेवून पुरली की तो घरी आला.

एकोणिसशे सालच्या उन्हाळ्यात मूठवाल्यांचं, म्हणजे गोऱ्यांना हाकलायला उठलेल्या आमच्याच शेतकऱ्यांचं, बंड पेटलं. तिअनजिनला नदीकाठी गोऱ्यांची वस्ती होती, ती मूठवाल्यांनी आणि बादशाही फौजेने वेढली. वेढा मोडायला जी फौज निघाली तिच्यात आमची पलटणही होती. निघायच्या आधी एका दिवसाची रजा मिळाली, तेव्हा वानलूच्या आईने मला विहिरीपाशी गाठलं. वानलू शेजारीच उभा होता.

"लाइफू, हा पुढे पुढे करणारा. तू मागे मागे राहणारा."

"काकू, असं काय बोलता!"

"खोटं आहे का? म्हणून तर तुला सांगते. याला घरी आण. कसाही."

"आई, तो कशाला आणेल? मला पाय आहेत की," वानलू म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या पायांवर भरवसा असता तर याच्या तोंडाला लागले असते का मी?"

बंदराकडे परत जाताना वाटेवरच आम्ही दोघांनी शपथ घेतली. जो पडेल त्याची शेंडी दुसऱ्याने आणायची. वानलू म्हणाला, "माझी कापशील तेव्हा जरा नीट काप. तुझे हात म्हणजे..." मी त्याला ढकललं. तो हसत सुटला.

त्या मैदानाचं फार सांगत नाही. शहराचा तट, त्याच्यासमोर सपाट जमीन, तिच्यावर थडग्यांचे उंचवटे आणि मधूनमधून चर. चरांत पाणी होतं, पण खारट कडू. तटावर जे होते त्यांत पुष्कळ आमच्या शानतुंग प्रांतातलेच. ते वरून आमच्या बोलीत शिव्या हासडायचे आणि वानलू त्यांना खालून तितक्याच रसाळ शिव्या परत करायचा.

पहाटेच्या हल्ल्यात पुढे गेलेले शंभरएक गोरे मैदानातच अडकले. उठलं की गोळी, पडून राहिलं की ऊन. ऊन असं की बंदुकीच्या नळीला हात लागला तर फोड येत होता. दुपारपर्यंत जखमींचं ओरडणं आमच्यापर्यंत यायला लागलं. भाषा कळत नव्हती, पण पाणी मागणारा माणूस कुठल्याही भाषेत कळतो.

वानलू आमच्या साहेबापुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, मी पाणी नेतो."

साहेब वयाने आमच्याएवढाच. त्याने मान हलवून नाही म्हटलं, मग मोडक्या चिनीत पुन्हा एकदा नाही म्हटलं. वानलूने "होय साहेब" म्हणून सलाम ठोकला, दोन बादल्या भरल्या आणि कावड उचलली.

तो धावला नाही. धावला असता तर पाणी सांडलं असतं. विहिरीवरून घरी जावं तसा तो त्या मैदानात चालत गेला, आणि आम्ही मातीत तोंडं खुपसून त्याच्याकडे बघत राहिलो. त्याच्या पायांशी धूळ उडत होती. एवढ्यात तटावरून कुणीतरी आमच्याच बोलीत ओरडलं, "ए पाणक्या! कुठल्या गावचा रे तू?"

"तुझ्या सासुरवाडीचा!" वानलू ओरडला.

तटावर हशा पिकला. आमच्याकडेही पिकला. तेवढ्या वेळात गोळीबार थोडा मंदावला आणि तो पहिल्या जखमीपाशी पोचला. रिकाम्या बादल्या घेऊन परत आला, भरल्या, पुन्हा गेला. दुसऱ्या खेपेला येताना पाठीवर एक गोरा घेऊन आला. मी त्याचा पाय धरला. "बस कर. आता बस कर." तो म्हणाला, "अरे, तिकडे तिघं उरलेत. एवढी एक खेप." माझा हात त्याने पायाने झटकला नाही, वाकून सोडवला. हे मला अजून आठवतं.

तिसऱ्या खेपेला तोफेचा गोळा पडला. कावड हवेत उडालेली मी पाहिली. धूळ बसली तेव्हा वानलू आडवा होता.

मला तिथे जायला दोन तास लागले. अंतर दोनशे पावलांचं. मी शूर नाही. पोटावर सरपटत, प्रत्येक थडग्याआड जीव मुठीत धरून मी पोचलो. त्याचं तोंड काळं पडलं होतं. कानातून रक्त येऊन वाळलं होतं आणि ओठांवर माश्या बसल्या होत्या. "वानलू," मी म्हटलं. "अरे, ए पाणक्या." काही नाही. नाकाशी हात धरला. माझाच हात इतका थरथरत होता की श्वास कसला कळणार? छातीला कान लावायला हवा होता. त्यासाठी डोकं वर उचलावं लागलं असतं आणि तटावरून गोळ्या येत होत्या. म्हणून मी कान लावला नाही.

संगिनीला धार नव्हती. मी त्याची शेंडी मानेजवळ धरून करवतल्यासारखी कापली, सदऱ्यात घातली आणि आलो तसा सरपटत परत गेलो. रात्री फौज मागे आली. दुसऱ्या दिवशी शहर पडलं, वेढा संपला. मैदानातली प्रेतं घाईघाईने मोठाल्या खड्ड्यांत लोटली गेली. मी शोधायला गेलो तेव्हा खड्डे बुजलेले होते. तो त्यांतल्याच एकात असेल असं मी धरून चाललो. चार दिवसांनी मला हगवण लागली आणि आजाऱ्यांच्या जहाजातून मी घरी आलो. पलटणीने माझं नाव कमी केलं. माझी बहादुरी ही एवढीच.

शेंडी मी दोन्ही हातांनी वानलूच्या आईपुढे धरली. ती रडली नाही. शेंडीवरून बोटं फिरवत तिने टोकाचा धागा पाहिला. तो तिनेच बांधलेला होता.

"तू पाहिलंस? तूच होतास शेवटी?"

"मीच होतो, काकू. नाकाशी हात धरून पाहिला."

"त्रास झाला का त्याला?"

"नाही. लगेच गेला." हे मी काय म्हणून बोललो देव जाणे.

मग सगळं रीतीने झालं. जीवाला वाट दाखवतो म्हणून पांढरा कोंबडा उराशी धरून ती वेशीपर्यंत गेली आणि तीन वेळा हाक मारली, "वानलू, घरी चल." पेटीत त्याचे कपडे ठेवले, कपड्यांवर शेंडी ठेवली आणि बापाच्या शेजारी पुरली. थोरल्या आजोबांनी स्वतः त्याच्या नावाची लाकडी पाटी लिहिली आणि तिच्या घरातल्या पूर्वजांच्या पाट्यांमध्ये ठेवली. साहेबाकडून वानलूच्या शौर्याचं इंग्रजीत लिहिलेलं पत्रही आलं. ते कुणालाच वाचता येईना. कागद मात्र जाड होता, म्हणून तिने तो खिडकीला काचेऐवजी लावलेल्या फाटक्या कागदावर चिकटवला. मला समोर बसवून शेवया वाढल्या आणि म्हणाली, "शब्द पाळलास, लाइफू. माझं पोर तू घरी आणलंस." त्या दिवशी मी पोटभर जेवलो. मागे मागे राहणारा मी, एक काम तरी नीट केलं होतं.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला तीन दिवस उरले होते. मी अंगणात मका सोलत होतो आणि ती पळत आली. तिच्यासारखी बाई पळताना मी कधी पाहिली नव्हती. हातात एक पत्र होतं. गाओ तांडेलाच्या गलबतातून मिठाबरोबर आलं होतं. "वाच," ती म्हणाली. "तांडेल म्हणतो, माझ्या नावाचं आहे. मला कोण लिहिणार?"

मी वाचायला लागलो. सुरुवातीला पत्र लिहून देणाऱ्याची नेहमीची फुलं होती, मातोश्रींच्या चरणी वगैरे. मग खाली वानलू होता. दुसरं कुणी असणं शक्यच नव्हतं.

आई, मी जिवंत आहे, असं त्यात होतं. संध्याकाळी शुद्ध आली तेव्हा सरपटत चरात गेलो. मिठागरवाल्यांनी उचलून नेलं. एका कानाने ऐकू येत नाही, बाकी ठीक आहे. पलटणीत परत जाता येत नाही, कारण गोरे शिपाई सध्या गणवेश नसलेला चिनी माणूस दिसला की आधी गोळी घालतात, मग नाव विचारतात. घरी यावं तर माझी शेंडी नाही. तांडेल म्हणतो, शेंडी कापलेला माणूस गलबतावर घेतला तर समुद्र गलबतच मागून घेतो. रस्त्याने यावं तर नाक्यानाक्यावर फुटलेले शिपाई बसलेत, ते मुंडकंच ठेवून घेतील. म्हणून केस वाढेपर्यंत इथेच मीठ ओढतो. दोनेक वर्षं लागतील. लोक चांगले आहेत, जेवण खारट आहे. लाइफूला सांग, त्याने ती फार वाकडी कापली आहे. मिठागरातली पोरं हसतात.

मी वाचायचा थांबलो. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग हसायला लागली. हसता हसता तिला मक्याच्या ढिगावरच बसावं लागलं.

"मेल्या! नाकाशी हात धरला होतास ना रे?"

"धरला होता, काकू."

"आणि लगेच गेला म्हणालास! जिवंत माणूस ओळखता येत नाही, आणि निघाला होता लढाईला!" तिने मक्याची कणसं माझ्या अंगावर फेकली आणि डोळे पुसले. "वाच, पुन्हा वाच. ते खारट जेवणाचं पुन्हा वाच."

त्याच दिवशी तिने वानलूच्या नावाची पाटी चुलीत घातली. जिवंत माणसाची पाटी घरात ठेवत नाहीत. थोरले आजोबा चिडले, पण ती ऐकेना.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. ती थांबायला तयार होती. "दोन वर्षं काय, पाच थांबेन," असं ती गावभर सांगत सुटली होती. थांबवत नव्हतं ते मला. तो जिवंत असताना मी त्याला तिथे टाकून आलो, वर त्याची शेंडी कापून आणली, तिच्या जोरावर शेवया खाल्ल्या. आता त्याने तिथे दोन वर्षं मीठ ओढायचं आणि मी इथे मका सोलायचा? रोज विहिरीवर ती हसून बोलायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी मीच तिच्याकडे गेलो.

"काकू, शेंडी आपल्याकडेच आहे. काढू, टोपीला आतून शिवू आणि त्याला पाठवू. टोपी घालून गलबतात बसला की चार दिवसांत घरी. घरात मग केस वाढेनात का सावकाश."

तिने हातातलं काम खाली ठेवलं. "पुरलेलं काढायचं?"

"त्याचंच आहे ना? त्याला परत देऊ."

"पण घाई कसली आहे, लाइफू? तो सुखात आहे."

"सुखात? काकू, तो मीठ ओढतोय! आणि थंडी पडल्यावर? एका कानाने बहिरा माणूस, परक्यांच्यात!"

थंडी म्हटल्यावर ती हलली. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ते म्हटलं.

थोरले आजोबा काठी टेकत थडग्यापाशी आले. "हाक मारून जीव आणलाय, बसवलाय. आता त्याला उठवता?" वानलूची आई म्हणाली, "जीव तिकडे मीठ ओढतोय, आजोबा. इथे नुसते केस आहेत." मी कुदळ मारली. आजोबा पाठ फिरवून निघून गेले.

तिने शेंडी धुतली, तेल लावलं, विंचरून नव्याने वेणी घातली. माझ्या वाकड्या कापाचं टोक कात्रीने सारखं केलं. काळ्या कापडी टोपीला आतून असे बारीक टाके घातले की ओढूनही निघेना. मग एक फीत घेतली. "हनुवटीखालून बांधायला एक बंद शिवते. समुद्रावर वारा असतो."

"नको, काकू. असली टोपी कोण बांधतं? बंद दिसला की तांडेलाला संशय येईल."

"खरंच?"

"खरंच. मी सांगतो ना."

तिने फीत गुंडाळून ठेवून दिली.

पत्र मीच लिहिलं. आई वाट बघते आहे, लगेच ये, असं लिहिलं. पुडक्यात टोपी आहे एवढंच गाओ तांडेलाला सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या खेपेला येताना तुमच्या माणसाला घेऊन येतो, पाठीवर शेंडी दिसली तर. मी म्हटलं, दिसेल.

नवव्या महिन्यात तिने खिडकीला नवा कागद लावला, झोपायचा विटांचा ओटा खालून जाळ घालून तापवला, बोरं खोचून मोठे मोठे पाव वाफवले. मी रोज बंदरावर जायचो. बाराव्या दिवशी गाओचं गलबत दिसलं. पुढची डोलकाठी तडकलेली होती. गलबतावरून मिठाच्या गोणी उतरल्या, खलाशी उतरले. शेवटी गाओ उतरला. मला बघून तो पुन्हा गलबतावर चढायला लागला. मी त्याची कॉलर पकडली.

"कुठे आहे?"

"भाऊ, आधी ऐकून घे."

"कुठे आहे तो?"

गाओ म्हातारा माणूस. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पीत नदीच्या मुखाबाहेर वादळाने गाठलं. शीड उतरवायचा दोर डोलकाठीच्या टोकाला अडकला. शीड उतरेना, गलबत कलायला लागलं. वर चढायला एकही खलाशी तयार होईना. "मी पण नाही," गाओ म्हणाला. "चाळीस वर्षं समुद्रावर आहे, मी पण नाही. तेवढ्यात तुझा माणूस उठला. मला म्हणाला, 'तांडेल, कुठला दोर ते दाखव.' मी दाखवला. माकडासारखा चढला रे. वर जाऊन दातात धरलेल्या सुरीने दोर तोडला. शीड खाली आलं, गलबत सरळ झालं. आम्ही सगळे वर बघून ओरडत होतो, शाबास, शाबास. आणि वाऱ्याने टोपी नेली. शेंडीसकट."

मी तडकलेल्या डोलकाठीकडे बघितलं.

"तो हसत खाली उतरला. त्याला कळलंच नव्हतं. मग आम्ही सगळे गप्प झालो तेव्हा त्याने डोक्याला हात लावला."

"मग?"

"खलाशी म्हणाले, याला उतरवा. नाहीतर आम्ही सुकाणूला हात लावणार नाही. मी म्हटलं, अरे हरामखोरांनो, आत्ता वाचवलं त्याने तुम्हाला. ते म्हणाले, वादळ आलंच कुणामुळे? भाऊ, मी भांडलो. पण मलाही भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू? मलाही वाटत होती. त्याने आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'भांडू नका. जमीन दिसेल तिथे सोडा. मला पाय आहेत.' ओहोटी होती. चिखलाची पट्टी उघडी पडली होती आणि पलीकडे जमिनीची रेघ दिसत होती. आम्ही त्याला पाण्याचा बुधला दिला, पोळ्या दिल्या. तो चालायला लागला."

"पोचला?"

गाओने मान खाली घातली. "धुकं आलं. मग भरती आली. तिथली भरती घोड्यासारखी येते."

मी त्याला मारलं. दोनदा मारलं. त्याने हात वर केला नाही. खलाशी बाजूला उभे राहून बघत होते, त्यांतलंही कुणी पुढे आलं नाही. मग मी खाली बसलो. कुणाला मारायचं होतं ते मला माहीत होतं.

तिला सांगायला मीच गेलो. घरात पावांचा वास भरला होता. मी दारातच गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. वादळ, दोर, टोपी, चिखल, भरती. बंद शिवू दिला नाही तो मीच, हेही सांगितलं. ती पीठ मळत होती. हात थांबले, मग पुन्हा चालायला लागले.

"कुणी बघितलं का त्याला मरताना?"

"धुकं होतं, काकू."

"तू बघितलंस?"

"मी कसा बघणार? पण ती भरती... तिथून कुणी वाचत नाही, काकू. वानलू गेला."

ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. लहान मुलाला समजवावं तशी बोलली.

"लाइफू, गेल्या वेळीही तूच म्हणालास. तेव्हा तर डोळ्यांनी बघितलं होतंस. नाकाशी हात धरला होतास. आता तर तू तिथे नव्हतासही." आणि ती पुन्हा पीठ मळायला लागली.

माझ्या तोंडून वानलू एकदा मेला होता आणि परत आला होता. आता मी कितीही सांगितलं तरी ते माझंच तोंड होतं.

पुरायला काहीच उरलं नव्हतं. थडगं मीच उकरलेलं, शेंडी समुद्रात, पाटी चुलीत. थोरले आजोबा नवी पाटी लिहायला तयार होते. वाईट माणूस नव्हता तो. तिने नको म्हटलं. मेलेल्यांच्या सणाला आम्ही चौकात कागदाचे पैसे जाळतो, उपाशी जीवांच्या पोटात काही पडावं म्हणून. पुढच्या वर्षी मी गावाबाहेरच्या तिठ्यावर एकटाच वानलूच्या नावाने कागद पेटवून बसलो. ती कशी कोण जाणे तिथे आली आणि पायाने तो जाळ विझवला. चपलेचं कापड जळालं तिच्या. "जिवंत माणसाला कागद जाळतोस? अपशकुनी कुठला!" मग माझ्या खांद्याला धरून मला घरी घेऊन गेली आणि जेवायला वाढलं. माझं दुःख तिथेच आहे. तो कुठेतरी उपाशी भटकतोय हे मला ठाऊक होतं, आणि मला त्याला घासभरही पोचवता येत नव्हतं, कारण त्याची आई नको म्हणत होती.

तीन हिवाळे गेले. चौथ्या हिवाळ्यात ती खोकल्याने अंथरुणाला खिळली. मी पाणी भरत होतो, चूल पेटवत होतो. शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती. म्हणाली, "माझं मातीचं भांडं कुणी फोडायचं नाही. तो येऊन फोडेल."

आमच्याकडे तिरडी उचलायच्या वेळी मुलाने मातीचं भांडं जमिनीवर आपटून फोडायचं असतं. ते फुटल्याशिवाय मेलेल्याची पावलं घरातून निघत नाहीत. मुलगा नसला तर पुतण्या, पुतण्या नसला तर कुळातलं कुणीही.

तिरडी अंगणात होती. उचलणारे चौघं थंडीत पाय आपटत होते. थोरल्या आजोबांनी ते भांडं माझ्यापुढे धरलं. "तू परक्या कुळातला आहेस," ते म्हणाले. "पण मुलासारखं तूच केलंस तिचं. मी काही म्हणणार नाही. फोड आणि मोकळी कर तिला."

मी भांडं हातात घेतलं. हलकं होतं. मी ते फोडलं तर तिच्या पायांपाशी उभं राहून पुन्हा एकदा तिला सांगणार होतो, वानलू मेला म्हणून.

"तिला जायचं नाही, आजोबा," मी म्हटलं आणि भांडं तिच्या उंबऱ्याच्या आत, चुलीशेजारी नेऊन ठेवलं. चौघांनी एकमेकांकडे बघितलं, मग तिरडी उचलली.